सर्व्हर बंद न करता कॉन्फिग बदलणे : फाईल नवी दिसते, ॲप जुनंच वागतं

नळस्टॉप | सोमवार, सकाळी १०:१२

मंडळी, मांडणी अशी: घरपोच मोदक-मिठाईच्या ऑर्डरी घेणारी सेवा. स्प्रिंग बूट ३ (जावाचा फ्रेमवर्क), कुबरनेटीसवर तीन पॉड (ॲपच्या तीन चालू प्रती), पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर), मागे पोस्टग्रेस (डेटाबेस). कॉन्फिग (ॲपची सेटिंग्ज) याम्ल फाईलमध्ये, आणि ती कॉन्फिगमॅपमधून (कुबरनेटीसमधला कॉन्फिगचा साठा) पॉडमध्ये माउंट केलेली.

चालू असताना बदलायच्या गोष्टी: कुठले पिनकोड घ्यायचे, शेवटची ऑर्डर किती वाजेपर्यंत, पोचवणावळ, पेमेंट गेटवेचा टाइमआउट, डेटाबेस पूलचा आकार, लॉगची पातळी. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर हे चारही रस्ते मिरवणुकीत गेले की ४११०३० आणि ४११००२ मधली पोचवणी थांबवायची, आणि रस्ते मोकळे होतील तशी पुन्हा उघडायची. दिवसाला चार-पाच बदल सहज होतात.

दर वेळी पॉड फिरवले की "ऑर्डर कुठवर आली" दाखवणारे वेबसॉकेट (फोन आणि सर्व्हरमधल्या उघड्या राहणाऱ्या जोडण्या) तुटतात आणि सगळे फोन एकदम परत जोडायला धावतात. ते नको आहे.

आत्ता होतंय काय? कॉन्फिगमॅप बदलला, पॉडमध्ये शिरून पाहिलं तर फाईल नवी. ॲप मात्र जुनाच पिनकोड घेतंय. क्लासमधल्या फील्डवर व्हॅल्यू ॲनोटेशन (कॉन्फिगमधली किंमत फील्डमध्ये भरणारी खूण) आहे. ॲक्च्युएटरच्या (चालू ॲपला बाहेरून आज्ञा द्यायचा स्प्रिंगचा भाग) रिफ्रेशला पोस्ट केलं, उत्तरात बदललेल्या कळींची (कॉन्फिगमधल्या नावांची) यादीही आली, तरी वागणूक तीच.

---

चुकलेला_सेमीकोलन | सकाळी १०:४०

व्हॅल्यू ॲनोटेशन बीन (स्प्रिंगने बनवलेला ऑब्जेक्ट) तयार होताना एकदाच भरतं. एन्व्हायर्नमेंटमध्ये (स्प्रिंगकडचा सगळ्या किमतींचा साठा) नवी किंमत आली तरी त्या फील्डला कोणी सांगायला जात नाही. रिफ्रेशने दिलेली यादी एन्व्हायर्नमेंटची असते, तुमच्या बीनची नव्हे. रिफ्रेशस्कोप लावलात तर बीन टाकून दिलं जाईल आणि पुढच्या हाकेला नवं बनेल. तेवढ्यासाठी ते पुरतं, पण त्याचे काटे पुढे कोणीतरी सांगेलच.

त्याआधी तुमच्या सहा गोष्टींची वर्गवारी करा. पोस्टग्रेसकडे बघा, त्यांनी हे कधीच सोडवून ठेवलंय. पीजी_सेटिंग्ज मध्ये कॉन्टेक्स्ट नावाचा रकाना आहे. तिथे "सिगहप" असेल तर रीलोडवर लागू होतं, "पोस्टमास्टर" असेल तर सर्व्हर उठवल्याशिवाय नाही. लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट रीलोडवर बदलतं. शेअर्ड_बफर्स आणि मॅक्स_कनेक्शन्स नाही बदलत. फाईलमध्ये तुम्ही ते बदललंत आणि नुसतं रीलोड केलंत, तर पेंडिंग_रीस्टार्ट रकाना खरा होतो. म्हणजे सर्व्हर तोंडाने सांगतो की बाबा, हे वाचलंय पण लागू केलेलं नाही.

तुमच्या ॲपनेही हेच सांगायला हवं. न बदलता येणारी कळ बदलली तर लॉगमध्ये इशारा द्या. गुपचूप दुर्लक्ष केलं की सगळे दोन तास नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतात.

---

बुधवारातला_वायरमन | सकाळी ११:०५

एवढा खटाटोप कशाला? प्रोसेसला एचयूपी सिग्नल द्या. एनजिनएक्स, पोस्टग्रेस, प्रोमेथियस (मेट्रिक गोळा करणारा) सगळे त्यावरच रीलोड होतात.

---

मुठाकाठ | सकाळी ११:३१

@वायरमन, थांबा! जेव्हीएमला (जावा चालवणारी प्रोसेस) एचयूपी दिलात तर शटडाउन हुक चालून प्रोसेस बंद होईल. तो सिग्नल मुळात टर्मिनलची लाईन तुटल्याचा. टर्मिनलच नसलेल्या डीमनांनी (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोसेसनी) तो रीलोडसाठी वापरायला घेतला. ज्या प्रोग्रामने तो मुद्दाम हाताळलेला नाही, तो मरतो. गो आणि पायथनचंही मूळ वागणं तेच. आणखी एक: कंटेनरची सुरुवात शेल स्क्रिप्टने होत असेल आणि शेवटच्या ओळीत एक्झेक नसेल, तर क्रमांक १ची प्रोसेस शेल असते. सिग्नल तिथेच अडतो, ॲपपर्यंत पोचतच नाही.

आता मूळ प्रश्न. रीलोड म्हणजे फाईल पुन्हा वाचणं असं धरलं की घोळ सुरू होतो. वाचणं सोपं आहे, जुनं एकाच क्षणी पूर्ण सोडणं अवघड. एक उदाहरण आकड्यांत:

जुनं कॉन्फिग: पोचवणावळ ४० रुपये, ५०० च्या वर मोफत.
नवं कॉन्फिग: पोचवणावळ ६० रुपये, ८०० च्या वर मोफत.

ऑर्डर ६०० ची. जुन्या नियमाने पोचवणावळ शून्य, नव्याने ६०. कोडमध्ये आधी दर वाचला, ४० मिळाला. मधे रीलोड झालं. पुढच्या ओळीत मर्यादा वाचली, ८०० मिळाली. ६०० कमी म्हणून ४० लावले. हा ४० कुठल्याच नियमात बसत नाही. बिल छापलं गेलं, गिऱ्हाईक भांडतंय, आणि लॉगमध्ये दोन्ही कॉन्फिग बरोबर दिसतायत.

स्प्रिंगमध्ये हे अगदी होतं. कॉन्फिगरेशनप्रॉपर्टीजचं सेटरवालं बीन रिफ्रेशच्या वेळी जागच्या जागी पुन्हा भरलं जातं, एकेक सेटर करत. तेवढ्यात दुसरा थ्रेड वाचत असेल तर त्याला अर्धं जुनं, अर्धं नवं मिळतं.

म्हणून माझी पद्धत:

१. सगळं कॉन्फिग एका रेकॉर्डमध्ये, आतल्या याद्याही न बदलणाऱ्या. असा रेकॉर्ड जागच्या जागी भरता येत नाही, आणि आपल्याला तेच हवंय.
२. ॲटॉमिकरेफरन्समध्ये (एका क्षणात बदलता येणारा संदर्भ) त्या रेकॉर्डचा एकच संदर्भ.
३. एन्व्हायर्नमेंटचेंजइव्हेंट आला की बाइंडर (कॉन्फिग वाचून ऑब्जेक्ट भरणारा) वापरून संपूर्ण नवा रेकॉर्ड बाजूला बांधायचा.
४. तपासायचा. नापास झाला तर जुना तसाच ठेवायचा, एरर लिहायची, काउंटर वाढवायचा.
५. पास झाला तर एका ओळीत अदलाबदल.
६. विनंती आत येताच संदर्भ एकदाच घ्यायचा आणि तोच शेवटपर्यंत हातातून हातात द्यायचा. सर्व्हिसच्या पोटात शिरून पुन्हा "सध्याचं कॉन्फिग दे" म्हणायचं नाही.

सहावी पायरी लोक गाळतात. बाकी पाच करून ही गाळली तर वरचं ४० रुपयांचं बिल तसंच निघतं. गोमध्ये हाच प्रकार ॲटॉमिक पॉइंटरने होतो. तिथे वायपर (गोची कॉन्फिग लायब्ररी) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की एकीकडे फाईलवर नजर आणि दुसरीकडे वाचन हे तो सुरक्षितपणे सांभाळत नाही. रेस डिटेक्टर लावून चालवा, लगेच ओरडेल.

---

कल्याणीनगर_रात्रपाळी | दुपारी १२:२०

फाईलच्या बाजूचं मी लिहिते, कारण निम्मे दोष तिथलेच.

कॉन्फिगमॅपचं माउंट म्हणजे साधी फाईल नसते. दिसणारी फाईल ही सिमलिंक असते. ती "दोन टिंबं डेटा" नावाच्या दुसऱ्या सिमलिंककडे बोट दाखवते आणि ती वेळेचा शिक्का असलेल्या खऱ्या फोल्डरकडे. बदल आला की क्युबलेट (प्रत्येक मशीनवरचा कुबरनेटीसचा हस्तक) नवं फोल्डर बनवतो, मधली सिमलिंक एका रिनेममध्ये फिरवतो आणि जुनं फोल्डर पुसतो. फायदा असा की त्या माउंटमधल्या सगळ्या फाईली एकदम बदलतात. तोटा असा की तुम्ही थेट फाईलवर इनोटिफाय (फाईल बदलली की कळवणारी लिनक्सची सोय) लावला असेल तर तो जुन्या आयनोडला (डिस्कवरची फाईलची खरी ओळख) चिकटलेला असतो. पहिल्या बदलाला एकदा घटना येते, नंतर कायमची शांतता. "एकदा रीलोड झालं, दुसऱ्यांदा नाही" अशी तक्रार आली की आधी हेच बघा. नजर फोल्डरवर ठेवायची. जावाची वॉचसर्व्हिस मुळात फोल्डरच घेते, तरी घटनेत फाईलचं नाव जुळवून बघत बसू नका. तिथे तुमच्या फाईलचं नाव येणारच नाही, त्या मधल्या सिमलिंकचं येईल.

आणखी दोन ठिकाणी बदल पोचतच नाही: सबपाथने (कॉन्फिगमॅपचा फक्त एक भाग) केलेलं माउंट, आणि कॉन्फिगमॅपमधून घेतलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. दोन्ही पॉड नवा होईपर्यंत जुनेच राहतात. @नळस्टॉप, तुम्हाला फाईल नवी दिसतेय म्हणजे सबपाथ नाही, ते एक बरं झालं.

पोचायला वेळही लागतो. क्युबलेटचा फेरा साधारण मिनिटाचा, त्यावर त्याच्या कॅशेचा उशीर. तीन पॉड तीन नोडवर (मशीनवर) असतील तर तिघांना तीन वेगळ्या वेळी मिळणार.

लॅपटॉपवर डॉकरमध्ये तपासणाऱ्यांसाठी: एकच फाईल बाइंड माउंट केली असेल आणि बाहेरून विमने किंवा सेडच्या जागेवर-बदल पर्यायाने बदललीत, तर बऱ्याचदा त्या नावाने नवी फाईल जन्माला येते. कंटेनर जुन्या आयनोडलाच धरून बसतो. एलएसला आय पर्याय देऊन आत-बाहेर दोन्हीकडचा आयनोड क्रमांक बघा, वेगळे दिसतील. फोल्डर माउंट करा, प्रश्न मिटतो.

एनएफएसवर (नेटवर्कवरची सामायिक डिस्क) दुसऱ्या मशीनने केलेला बदल इनोटिफायला कळत नाही. खरं सांगायचं तर इतक्या कटकटींपेक्षा दर १० सेकंदांनी फाईल वाचून तिचा हॅश (मजकुराचा छोटा ठसा) जुन्याशी ताडून बघणं मला आवडतं. दिसायला गबाळं, पण सगळीकडे चालतं. काही किलोबाइटच्या फाईलला खर्च तो काय.

---

तिखट_भेळ | दुपारी १:१५

मला एक कळत नाही, कुबरनेटीस घेतलंत ते पॉड फिरवता यावेत म्हणूनच ना? कॉन्फिगमॅपचा हॅश पॉडच्या टेम्प्लेटमध्ये ॲनोटेशन म्हणून टाका. कॉन्फिग बदललं की रोलआउट (जुने पॉड काढून नवे आणणं) आपोआप होईल. चुकलं तर रोलआउट मागे घ्या. मात्र कॉन्फिगमॅपच्या नावातच हॅश ठेवा, नाहीतर मागे घेतलेले पॉड पुन्हा नवीच फाईल वाचतील. नवं कॉन्फिग वाचून पॉड उठलाच नाही तर रेडिनेस (पॉड तयार आहे का ही तपासणी) नापास होतो आणि जुने पॉड चालू राहतात. ही तपासणी फुकट मिळते. हॉट रीलोडमध्ये (चालू असतानाच कॉन्फिग बदलण्यात) ती तुम्हाला हाताने लिहावी लागतेय.

आणि रीलोड होणारं ॲप हे "सुरुवातीपासून या कॉन्फिगवर उठलेलं ॲप" नसतं. महिनाभर रीलोड करत राहिलात, मग एक दिवस नोड बदलला आणि पॉड उठेचना. कारण मधेच कधीतरी एक चुकीची कळ फाईलमध्ये गेली होती, रीलोडने ती नाकारली होती आणि कोणी पाहिलं नव्हतं.

---

चुकलेला_सेमीकोलन | दुपारी १:३८

शेवटच्या मुद्द्याला +१. एनजिनएक्सचं अगदी असंच. चुकीच्या कॉन्फिगवर रीलोड दिलं तर मास्टर (मुख्य प्रोसेस) जुन्यावरच चालत राहतो, साइट व्यवस्थित दिसते. डिस्कवर मात्र मोडकी फाईल बसलेली असते. पुढचा रीबूट रात्री तीनला झाला की साइट उठत नाही. म्हणून रीलोडच्या आधी टी पर्यायाने तपासणी, आणि ती नापास झाली तर रीलोडची पायरी चालताच कामा नये.

वेबसॉकेट आहेत म्हणून अजून एक. एनजिनएक्स रीलोडवर नवे वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) उठवतो आणि जुन्यांना "हातातलं संपवून जा" म्हणतो. वेबसॉकेट तासन्‌तास संपत नाही, म्हणून जुने वर्करही जात नाहीत. दिवसात पाच रीलोड म्हणजे वर्करांच्या पाच पिढ्या मेमरीत. प्रोसेसच्या यादीत "शटिंग डाउन" लिहिलेले दिसतील. वर्कर_शटडाउन_टाइमआउट लावा, म्हणजे ठरलेल्या वेळेनंतर तो जोडण्या तोडून मोकळा होईल.

---

नळस्टॉप | दुपारी २:०५

@तिखट_भेळ, पूल आणि टाइमआउटसाठी रोलआउट मान्य. पण पिनकोड आणि दर दिवसात पाचदा बदलतात, ते हॉटच ठेवतो.

आता अडचण अशी की तीन पॉडना वेगवेगळ्या वेळी कळणार. एकच गिऱ्हाईक दोनदा रिफ्रेश करेल, एकदा ४११०३० चालू दिसेल, एकदा बंद. याला काय करायचं?

---

मुठाकाठ | दुपारी २:५०

बदल पोचण्याची वेळ आणि लागू होण्याची वेळ वेगळी करा.

कॉन्फिगमध्ये नियमांची यादी ठेवा, प्रत्येकाला "या वेळेपासून लागू" असं एक फील्ड. चार वाजता ४११०३० बंद करायचंय तर ३:५० ला नवी फाईल ढकला, तीत आत्ताचा नियमही असेल आणि चारपासूनचाही. दहा मिनिटांत तिन्ही पॉडना ती मिळालेली असते. चार वाजता प्रत्येक पॉड आपापल्या घड्याळाने उडी मारतो. नोडची घड्याळं एनटीपीने जुळलेली असली की फरक मिलिसेकंदांचा राहतो. गिऱ्हाईकाने ३:५८ ला भरलेली टोपली ४:०१ ला पैसे भरायला आली तर कुठला नियम, हे मात्र धंद्याने ठरवायचं. टोपली उघडली तेव्हाची कॉन्फिगची आवृत्ती ऑर्डरसोबत साठवून ठेवा, म्हणजे निर्णय काहीही असो, हिशेब लागतो.

वेळ लिहिताना +०५:३० सकट पूर्ण लिहा. कंटेनरचं घड्याळ बहुतेक यूटीसीवर असतं. नुसतं १६:०० लिहिलंत तर पुण्यात ते रात्री साडेनऊला लागू होईल.

---

पर्वतीपायथा | दुपारी ३:२२

वेळेवरून आठवलं. "शेवटची ऑर्डर" याम्लमध्ये अवतरणचिन्हाशिवाय २२:३० लिहिलीय का? याम्ल १.१ पाळणारे वाचक, म्हणजे स्नेकयाम्ल आणि पायथनचं पायवायएमएल, त्याला साठ पायाची संख्या समजतात. २२ गुणिले ६० अधिक ३०, हाती येतात १३५०. गंमत अशी की ०९:३० ला हे होत नाही, कारण सुरुवात शून्याने. ती अक्षरांची ओळच राहते. म्हणजे सकाळची वेळ टाकून चाचणी केली तर पास, संध्याकाळची टाकली की नापास. वेळ अवतरणचिन्हातच लिहा.

तपासणीत नुसते प्रकार बघू नका, अर्थ बघा:

- पिनकोडची यादी रिकामी असेल तर नाकारा. अर्धवट लिहिलेली फाईल वाचली गेली की बहुतेक हेच दिसतं, आणि रिकामी यादी व्याकरणाने अगदी बरोबर असते.
- प्रत्येक पिनकोड सहा आकडी.
- एका फटक्यात निम्म्याहून जास्त पिनकोड गायब होत असतील तर "हो, मुद्दाम" अशी वेगळी कळ असल्याशिवाय नाकारा.
- दर ऋण नको, मोफतची मर्यादा दरापेक्षा मोठी हवी.
- अनोळखी कळ दिसली तर नाकारा. "पोचवणावळ"च्या जागी "पोचवणवळ" लिहिलं की बाइंडर आपला गप्प राहतो आणि मूळ किंमत लावतो.

हाच तपासणीचा कोड सीआयमध्येही (बदल ढकलल्यावर आपोआप होणारी चाचणी) चालवा, म्हणजे चूक पॉडपर्यंत जाणारच नाही. कुबरनेटीसच्या बाहेर स्वतः फाईल लिहीत असाल तर त्याच फाईलसिस्टिमवर तात्पुरती फाईल लिहा, एफसिंक करा (डिस्कवर पक्की उतरवा), मग रिनेम. थेट वरून लिहू नका.

---

कल्याणीनगर_रात्रपाळी | दुपारी ४:१०

रिफ्रेशस्कोपचे काटे सांगायचे राहिलेच.

एक: त्या बीनमध्ये शेड्यूल्ड मेथड असेल तर रिफ्रेशला बीन नष्ट होतं आणि त्याचं वेळापत्रकही रद्द होतं. नवं बीन कोणीतरी हाक मारल्यावर बनणार. आणि हाक मारणारा तर तो शेड्यूलरच होता! काम बंद पडतं, एररही येत नाही. वेळापत्रक वेगळ्या साध्या बीनमध्ये ठेवा आणि त्याने रिफ्रेशस्कोपवाल्याला हाक मारू दे.

दोन: हिकारीच्या (डेटाबेस जोडण्यांचा पूल सांभाळणारी लायब्ररी) डेटासोर्सला स्प्रिंग क्लाउड मुळातच रिफ्रेशमधून वगळतो. पूलचा आकार चालू असताना बदलायचाच तर हिकारीच्या एमबीनमधून (चालू जावा ॲपची सेटिंग बाहेरून बदलायची सोय) बदलता येतो. वाढवलेला आकार लागू होतो. कमी केलेला लगेच दिसत नाही. सॉफ्ट एव्हिक्ट बोलावलं तर मोकळ्या जोडण्या तिथेच बंद होतात, वापरातल्या परत आल्यावर. वाढवण्याआधी गुणाकार करा: पोस्टग्रेसच्या मूळ १०० जोडण्यांमधल्या ३ राखीव, उरल्या ९७. तीन पॉड गुणिले प्रत्येकी ३० म्हणजे ९०, बसलं. पण रोलआउटच्या वेळी तीनाचे चार पॉड होतात, १२० झाले, आणि चौथा पॉड उठतानाच आपटतो.

तीन: थ्रेड पूलचा आकार हाताने बदलत असाल तर क्रम महत्त्वाचा. वाढवताना आधी मॅक्सिमम, मग कोअर. कमी करताना आधी कोअर, मग मॅक्सिमम. उलटं केलंत तर इल्लीगलआर्ग्युमेंट येतो.

---

नळस्टॉप | संध्याकाळी ६:३०

रेकॉर्ड आणि ॲटॉमिकरेफरन्स लावलं, एका पॉडवर बदल लागू झाला. दुसऱ्या दोघांवर नाही. रिफ्रेशची पोस्ट कुबरनेटीसच्या सर्व्हिसच्या (तिन्ही पॉडपुढचं एकच दार) पत्त्यावर मारतोय.

---

चुकलेला_सेमीकोलन | संध्याकाळी ६:४१

सर्व्हिस ती पोस्ट तिघांपैकी एकालाच देणार. तिन्ही पॉडच्या आयपीवर वेगळी मारा, किंवा स्प्रिंग क्लाउड बस (सगळ्या पॉडना निरोप पोचवणारी) आणून बसरिफ्रेश वापरा, किंवा रात्रपाळीताई म्हणतात तसं प्रत्येक पॉडला आपला हॅश आपणच बघू द्या. तिसरं सर्वांत सोपं, मग तो रस्ता बाहेरून उघडा ठेवायचीही गरज नाही. ठेवलाच तर वेगळ्या मॅनेजमेंट पोर्टवर, एनजिनएक्सच्या मागून दिसता कामा नये.

आणि तिघांवर एकच कॉन्फिग आहे हे डोळ्यांनी कळायला प्रोमेथियसची नक्कल करा. तो स्वतःबद्दल दोन मेट्रिक देतो: शेवटचा रीलोड यशस्वी झाला का, आणि यशस्वी झालेला शेवटचा कधी. त्यात तिसरं घाला, चालू कॉन्फिगचा हॅश लेबल म्हणून. पाच मिनिटांहून जास्त वेळ एकापेक्षा जास्त हॅश दिसले, किंवा पहिलं मेट्रिक शून्य झालं, की अलर्ट. @तिखट_भेळ यांचा नाकारलेल्या कळीचा धोका याने पकडला जातो.

---

नळस्टॉप | रात्री ८:१५

हॅशवालं घेतलं, तिन्ही पॉड ४० सेकंदांच्या आत जुळले. लॉगची पातळीही याच फाईलमध्ये ठेवू का?

---

पर्वतीपायथा | रात्री ८:३३

नको. ॲक्च्युएटरच्या लॉगर्सवर पॅकेजचं नाव देऊन पोस्ट केलं की पातळी तिथल्या तिथे बदलते. तीही पॉडगणिक, त्यामुळे ज्या पॉडवर दोष दिसतोय त्याच्यावरच डीबग लावता येतं, हा उलट फायदा. पॉड नवा झाला की ती पातळी विसरली जाते, तोवर कोणीतरी आठवणीने परत इन्फोवर आणायची. पेमेंटच्या पॅकेजवर लावताना आधी बघा, हेडरमधला टोकन डीबगमध्ये छापला जातोय का.